जेवणातून की एकमेकींकडून? वसतिगृहातल्या साथीचा हिशोब

वाचकाचं पत्र: मी मुलींच्या एका निवासी शाळेच्या वसतिगृहाची अधीक्षिका आहे. 160 मुली, चौघींची एक अशा 40 खोल्या, शिवाय 14 कर्मचारी. गेल्या महिन्यात एका शनिवारी रात्री 8 वाजता सगळ्यांचं एकत्र जेवण झालं. रविवारी सकाळी 9 वाजता पहिल्या मुलीला उलट्या सुरू झाल्या आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत रांगच लागली. मंगळवारी सकाळी वाटलं सुटलो, तर दुपारपासून पुन्हा तेच. पुढच्या रविवारपासून एकही नवी आजारी नाही. बहुतेक जणी दोन दिवसांत बऱ्या झाल्या, कुणालाही दाखल करावं लागलं नाही. भांडण मात्र मिटलेलं नाही. पालक म्हणतात, क्रीमचा गोड पदार्थ नासला होता, तो करणाऱ्या बाईंना काढा. डॉक्टर म्हणाले, विषाणू असावा, एकमेकींकडून पसरला. जागोजागी सॅनिटायझर ठेवूनही साथ का थांबली नाही? वसतिगृह बंद करून मुलींना घरी पाठवायला हवं होतं का? आणि असे विषाणू एकाकडून दोघा-तिघांना जातात म्हणे, मग सगळ्याच मुली आजारी का पडल्या नाहीत? आमच्या नर्सताईंनी आजारी आणि बऱ्या अशा सगळ्या मुलींना विचारून नोंदी केल्या आहेत. नावं काढून त्या सोबत पाठवते आहे.

नमस्कार ताई,

डॉक्टर आणि पालक दोघंही अर्धे बरोबर आहेत. साथ आत आली ती शनिवारच्या जेवणातून, आणि मंगळवारनंतर पसरत राहिली ती माणसांकडून माणसांकडे. गोड पदार्थाचा मात्र यात हात दिसत नाही. तो करणाऱ्या बाईंबद्दल काहीही ठरवण्याआधी पुढचा हिशोब पालकांसमोर मांडा. त्याला कागद-पेन्सिल पुरते. माहिती लागते ती तीनच गोष्टींची: कोण, कधी आणि कितींपैकी. नर्सताईंनी तिन्ही नोंदवून ठेवल्या आहेत, हे फार कमी ठिकाणी होतं.

आधी मोजणी. रजिस्टरमध्ये 'पोट बिघडलं' म्हणून 79 नावं आहेत. त्यात मळमळ, डोकेदुखी, 'कसंतरी होतंय' हे सगळंच आलं आहे. साथीचा तपास करताना रुग्ण कुणाला म्हणायचं ते आधी लिहून ठरवतात. आम्ही ठरवलं ते असं: वसतिगृहात राहणारी किंवा काम करणारी व्यक्ती, शनिवारी रात्री 8 नंतर त्रास सुरू झालेली, 24 तासांत किमान 2 उलट्या किंवा किमान 3 पातळ शौच झालेली. ही चाळणी लावल्यावर 15 नावं गळली आणि 64 राहिली, त्यात 62 मुली आणि 2 कर्मचारी. व्याख्या थोडी सैल केली तरी चालते, पण सगळ्यांना एकच लावायची. कारण साधं आहे. नुसत्या घाबरलेल्या मुली सगळ्या खोल्यांमध्ये, सगळे पदार्थ खाणाऱ्यांमध्ये आणि न खाणाऱ्यांमध्ये साधारण सारख्याच असतात. त्या रुग्ण म्हणून मोजल्या गेल्या की जो फरक शोधायचा तोच पुसट होतो.

मग घड्याळ. आलेखाच्या कागदावर खाली वेळ लिहायची आणि प्रत्येक आजारी मुलीसाठी एक चौकोन रंगवायचा. चौकोन कुठे येणार हे त्रास सुरू झाल्याच्या वेळेवरून ठरवायचं. ती नर्सताईंकडे कधी आली यावरून ठरवलं तर सोमवारी सकाळी उगाच एक खोटा डोंगर दिसतो, कारण रात्रभर त्रास काढलेल्या सगळ्या जणी तेव्हाच येतात. वेळेचे कप्पे किती रुंद ठेवायचे? संशय असलेल्या आजाराच्या अधिशयन काळाच्या, म्हणजे जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतच्या काळाच्या, पाव ते एक तृतीयांश. इथे 8 तास ठीक बसतात. दिवसाचा एक कप्पा केला असता तर दोन लाटांमधली फट दिसलीच नसती.

तुमच्या नोंदींतून आलेख असा निघतो: रविवारी पहाटे 4 ते दुपारी 12 या कप्प्यात 3, रात्री 8 पर्यंत 8, सोमवारी पहाटे 4 पर्यंत 12, दुपारी 12 पर्यंत 11, रात्री 8 पर्यंत 4. मग तब्बल 16 तास एकही नाही. त्यानंतर मंगळवारी 3, बुधवारी 11, गुरुवारी 6, शुक्रवारी 3, शनिवारी 1. (या सगळ्या मुली. दोन्ही कर्मचारी बुधवारी आजारी पडल्या.)

पहिल्या 38 जणींचा एकच उभा डोंगर आहे. झटकन चढला, झटकन उतरला, दीड दिवसात आटोपला. सगळ्यांना एकाच वेळी एकाच ठिकाणाहून लागण झाली की असं दिसतं. माणसाकडून माणसाकडे जाणारी साथ अशी सुरू होत नाही. ती एक-दोन रुग्णांनी सुरू होते, मधे थोडा खंड पडतो, मग जरा मोठी लाट, पुन्हा खंड, असं चालतं. तुमच्याकडे आधी डोंगर आणि मग ठेंगण्या, पसरट लाटा आहेत, म्हणजे दोन्ही प्रकार एकामागोमाग.

याच आलेखावरून गोड पदार्थ नासल्याचा आरोप तपासता येतो. क्रीमचा पदार्थ बाहेर राहून नासतो तेव्हा बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस जिवाणूचं तयार विष पोटात गेलेलं असतं. तयार विष असल्याने त्रास अर्ध्या तासापासून 8 तासांच्या आत सुरू होतो. बॅसिलस सिरियस या दुसऱ्या जिवाणूच्या उलट्या करणाऱ्या विषाचंही तसंच, 6 तासांच्या आत. आता तुमची पहिली मुलगी रविवारी सकाळी 9 ला आजारी पडली आणि पहिल्या डोंगरातली शेवटची सोमवारी संध्याकाळी 7 ला. 8 तासांत त्रास देणारं विष असतं, तर पहिलीने ते रविवारी सकाळी साडेआठच्या आधी खाल्लेलं असणार आणि शेवटचीने सोमवारी सकाळी 11 च्या नंतर. एकच जेवण या दोन्ही अटी पाळू शकत नाही. तो आरोप इथेच निकालात निघतो, तेही पदार्थाचा एक घास न तपासता.

हाच हिशोब नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबाची साथ आणणाऱ्या विषाणूसाठी करून बघा. त्याचा अधिशयन काळ 12 ते 48 तासांचा. पहिली मुलगी रविवारी सकाळी 9 ला, म्हणजे लागण शनिवारी रात्री 9 च्या नंतरची नाही. शेवटची सोमवारी संध्याकाळी 7 ला, म्हणजे लागण शनिवारी संध्याकाळी 7 च्या आधीची नाही. जेवण 8 ला होतं. शिवाय जेवणापासून मोजलं तर 38 जणींच्या रांगेत मधोमध येणारी मुलगी साधारण 30 तासांनी आजारी पडली, आणि ते या विषाणूच्या नेहमीच्या वागण्याला धरूनच आहे. प्रत्यक्षात वेळा इतक्या चपखल क्वचितच जुळतात. तासाभराचा फरक पडला म्हणून निष्कर्ष फेकून द्यायचा नसतो.

साल्मोनेला हा जिवाणूही याच वेळेत बसू शकतो. त्याचा पल्ला 6 तासांपासून 6 दिवसांपर्यंत आहे, त्यामुळे नुसत्या वेळेवरून तो सुटत नाही. पण त्यात ताप जास्त दिसतो, उलट्यांपेक्षा जुलाब जोरात असतात आणि आजार 4 ते 7 दिवस रेंगाळतो. तुमच्याकडे 64 पैकी 49 जणींना उलट्या झाल्या आणि बहुतेक जणी दोन दिवसांत उठल्या. कॅप्लन आणि सहकाऱ्यांनी 1982 मध्ये नोरोव्हायरसच्या साथी ओळखण्यासाठी चार खुणा मांडल्या होत्या: निम्म्याहून जास्त रुग्णांना उलट्या, सरासरी अधिशयन काळ 24 ते 48 तास, आजार सरासरी 12 ते 60 तास, आणि शौचाच्या नमुन्यात रोगकारक जिवाणू न सापडणं. तुमच्याकडे पहिल्या तिन्ही जुळतात. चौथी तपासलीच गेली नाही, कारण नमुने घेतले नाहीत. पुढच्या वेळी किमान पाच आजारी व्यक्तींच्या शौचाचे नमुने त्रास सुरू झाल्यापासून 48 ते 72 तासांच्या आत घ्या आणि आरोग्य विभागाला पहिल्याच दिवशी कळवा. उरलेलं अन्न फेकून न देता झाकून, चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवा.

आता कोणता पदार्थ. पालकांचा मुद्दा असा की पहिल्या 38 पैकी 32 जणींनी गोड खाल्लं होतं. आकडा खरा आहे, पण नुसता अंश घेऊन भाजक सोडून दिला आहे. भात तर 38 पैकी 38 जणींनी खाल्ला होता, म्हणून भाताला दोषी धरायचं का? आजारी नसलेल्या मुलींनी काय खाल्लं हे कळल्याशिवाय 32 या आकड्याला काही अर्थ नाही. 1854 मध्ये लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याची साथ आली तेव्हा तिथल्या सार्वजनिक पंपाच्या पाण्यावर संशय असलेले डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरं तर नकाशावर मांडलीच, पण त्याच भागात राहून वाचलेल्यांकडेही ते गेले. जवळच्या गरिबांच्या आश्रमात 535 माणसं होती आणि मृत्यू फक्त 5. तिथे स्वतःची विहीर होती. शेजारच्या बियरच्या कारखान्यातल्या सत्तरहून अधिक कामगारांपैकी एकही दगावला नाही. ते पंपाचं पाणी पीतच नव्हते. आजारी न पडलेल्यांनी पंपाविरुद्ध जी साक्ष दिली, ती नुसत्या मृतांच्या यादीतून मिळाली नसती.

तुमच्या तक्त्यात गोड खाल्लेल्या मुली 120, त्यांतल्या आजारी 32, म्हणजे 27 टक्के. न खाल्लेल्या 40, आजारी 6, म्हणजे 15 टक्के. जवळजवळ दुप्पट, त्यामुळे संशय येणं स्वाभाविक आहे. आता कापलेल्या फळांकडे बघा. खाल्लेल्या 90, आजारी 33, म्हणजे 37 टक्के. न खाल्लेल्या 70, आजारी 5, म्हणजे 7 टक्के. इथे फरक पाचपट आहे. आजारी मुलींमध्ये गोड खाल्लेल्या 32 आणि फळं खाल्लेल्या 33, म्हणजे अंश जवळपास सारखेच होते. सगळा फरक भाजकात लपला होता.

पण मग गोडात दिसलेली ती दुप्पट कुठून आली? गोड आणि फळं एकाच टेबलावर होती आणि फळं घेणाऱ्या 90 पैकी 80 जणींनी गोडही घेतलं. गोड पदार्थाने फळांचा दोष अंगावर ओढून घेतला. हे सोडवायचं तर दोघांना वेगळं करायचं. आधी फळं खाल्लेल्या बघा: गोडासकट 80 पैकी 29 आजारी, 36 टक्के, गोडाशिवाय 10 पैकी 4, 40 टक्के. आता फळं न खाल्लेल्या: गोड खाल्लेल्या 40 पैकी 3, साडेसात टक्के, गोडही न खाल्लेल्या 30 पैकी 2, साधारण 7 टक्के. दोन्ही गटांत गोड खाण्या-न खाण्याने काहीच बदलत नाही. पालकांच्या सभेत बाकी काही सांगितलं नाही तरी हे चार आकडे फळ्यावर लिहा. भाताबद्दल मात्र यातून काही ठरवता येत नाही. भात न खाणाऱ्या फक्त 4 मुली होत्या आणि चार जणींवरून तुलना होत नाही. तो शिजलेला आणि गरम वाढलेला होता, इतकं त्याच्या बाजूने सांगता येतं.

फळं न खाता आजारी पडलेल्या 5 जणींचं काय, असं कुणीतरी विचारेलच. तीन-चार आठवड्यांनी कुणी काय खाल्लं ते नीट आठवत नाही, फळांच्या डावाने दुसरं काही वाढलं जातं, एखादीला रविवारीच मैत्रिणीकडून लागण झालेली असते. आणि फळं खाऊनही 57 जणी पहिल्या लाटेत ठणठणीत राहिल्या, कारण सगळ्या फोडींवर विषाणू सारखा नव्हता, काहींना लक्षणांशिवाय लागण झाली असणार, आणि काही माणसांच्या आतड्याच्या पेशींवर या विषाणूला पकडून ठेवणारी साखरेची साखळीच नसते, त्यामुळे त्याच्या अनेक प्रकारांपासून ती जन्मतःच सुरक्षित असतात. पाणी दोषी असतं तर फळं न खाणाऱ्यांमध्येही आजाराचं प्रमाण तेवढंच दिसलं असतं. ते तसं नाही.

फळांवर विषाणू गेला कसा? नासल्यामुळे नाही, कारण विषाणू अन्नात वाढत नाही. तो हातांवरून येतो. फळं कापून झाल्यावर शिजवली जात नाहीत, म्हणून नंतर त्याला मारणारं काहीच नसतं. फोडी पुन्हा धुतल्याने तो जात नाही. तेव्हा फळं कुणी कापली हे विचारा, पण कुणाचं चुकलं या सुरात नको. प्रश्न एवढाच: आधीच्या आठवड्यात तुम्हाला किंवा घरात कुणाला उलट्या-जुलाब झाले होते का? या विषाणूचे मोजके कण लागणीला पुरतात आणि बरं झाल्यावरही दोन आठवडे, कधी त्याहून जास्त, तो शौचातून बाहेर पडत राहतो. त्रास थांबल्यावर पूर्ण 48 तास स्वयंपाकघरात पाऊल नाही, हा नियम भिंतीवर लावा. तो पाळला जावा असं वाटत असेल तर त्या दोन दिवसांचा पगार कापू नका. पगार कापला जाणार असेल तर आजारी माणूस गोळी घेऊन कामावर येतो आणि विचारलं तर 'काही नव्हतं' म्हणून सांगतो. आमच्या मते तुमच्या वसतिगृहातली सर्वांत मोठी दुरुस्ती हीच आहे. कुणाला काढून ती होणार नाही.

आता दुसरी लाट. पहिल्या 38 मुली 24 खोल्यांमधल्या होत्या. त्या खोल्यांत एकूण 96 मुली, म्हणजे बऱ्या राहिलेल्या सोबतिणी 58. मंगळवार ते गुरुवार त्यांतल्या 17 आजारी पडल्या: 29 टक्के. उरलेल्या 16 खोल्यांत 64 मुली, त्यांतल्या 3 आजारी: 5 टक्के. आजारी माणसाच्या निकटच्या लोकांपैकी किती जणांना लागण होते, याला दुय्यम लागणीचा दर म्हणतात. साथ माणसांमधून चालली आहे याचा इतका सरळ पुरावा दुसरा नाही. तिसऱ्या दिवशीही अन्नच दोषी असतं तर दोन्ही प्रकारच्या खोल्यांत प्रमाण सारखं आलं असतं. आजारी पडलेल्या दोन्ही कर्मचारीसुद्धा खोल्यांतल्या उलट्या पुसणाऱ्या होत्या.

एकीकडून दोघी-तिघींना जातो, मग 160 जणी का नाही, हा प्रश्न चांगला आहे. एक रुग्ण सरासरी किती जणांना लागण देतो त्या आकड्याला 'आर' म्हणतात. तो विषाणूच्या अंगावर छापलेला नसतो. रुग्ण रोज किती जणांच्या संपर्कात येतो, अशा एका संपर्कात लागण होण्याची शक्यता किती, आणि किती दिवस तो लागण देऊ शकतो, या तिन्हींचा गुणाकार म्हणजे आर. यातला एक जरी निम्मा झाला तरी आर निम्मा होतो. शिवाय पूर्वी आजार होऊन गेलेले, प्रतिकारशक्ती असलेले लोक मधे असतील तर तो आणखी घटतो. तुमच्याकडे पहिल्या 38 जणींपासून पुढे 22 जण आजारी पडले (20 मुली, 2 कर्मचारी), म्हणजे आर साधारण 0.6. त्या 22 पासून पुढे 4, म्हणजे 0.2 च्या आत. लाटांच्या हद्दी थोड्या सरमिसळ असतात, लक्षणं नसलेले मोजले जात नाहीत, तेव्हा आकडे अंदाजाचेच. पण दोन्ही 1 च्या बरेच खाली आहेत, आणि 1 च्या खाली गेलेली साथ विझतेच. त्या आठवड्यात तुम्ही आजारी मुलींना वेगळ्या दालनात हलवलंत, तिथे संपर्क तुटला. आर 2 असता आणि तुम्ही काहीही केलं नसतं, तरी साथ सगळ्यांपर्यंत पोचली नसती. लागण व्हायची राहिलेली माणसं कमी होत जातात आणि गणिताने ती साधारण 80 टक्क्यांवर थांबते.

सॅनिटायझर का चाललं नाही? फ्लू किंवा करोनाच्या विषाणूभोवती चरबीचं आवरण असतं, अल्कोहोल ते विरघळवतं आणि विषाणू निकामी होतो. नोरोव्हायरसला ते आवरण नाही, त्यामुळे अल्कोहोलचा त्याच्यावर परिणाम कमी. साबण आणि वाहतं पाणी, 20 सेकंद, बोटांच्या बेचक्या आणि नखांसकट चोळून. साबणाने तो मरतो असं नाही, तो हातावरून सुटून वाहून जातो. शौचालयातून आल्यावर आणि जेवणाआधी बेसिनपाशी रांग लागली तरी चालेल, पण त्या वेळी नुसत्या सॅनिटायझरवर भागवू नये.

फरशीवर आणि नळांवर काम क्लोरीनचं. घरगुती ब्लीच साधारण 5 टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं असतं, म्हणजे 50,000 पीपीएम (दहा लाख भागांत 50,000 भाग). 1000 पीपीएमचं द्रावण हवं असेल तर 20 मिली ब्लीच आणि 980 मिली पाणी. 5000 साठी 100 मिली ब्लीच आणि 900 मिली पाणी. बाटलीवर 5 ऐवजी दुसरा आकडा असेल तर त्या प्रमाणात बदला. द्रावण रोज ताजं करा, जुन्या द्रावणाचा जोर उतरतो. शौचालय साफ करायच्या आम्लात ते कधीही मिसळू नका, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

उलटी झाली की आधी आजूबाजूच्या मुलींना बाहेर काढा आणि खिडक्या उघडा. हातमोजे, मास्क, एप्रन घाला. मास्क हवाच, कारण जोरात झालेल्या उलटीचे बारीक थेंब हवेत राहतात आणि नाका-तोंडातून आत जातात. त्यावर कागदी टॉवेल किंवा जुनं कापड पसरा, 5000 पीपीएमचं द्रावण कडेकडून आत ओता, 10 मिनिटं थांबा. बाहेरून आत असं गोळा करून दुहेरी पिशवीत बांधा. झाडू किंवा पाण्याचा फवारा मारू नका, तो सगळं उडवतो. मग डिटर्जंटने धुवा आणि शेवटी 1000 पीपीएमने 2 मीटरपर्यंतचा परिसर पुसून पुन्हा 10 मिनिटं ओला ठेवा. तुमच्याकडे नेमकं इथेच चुकलं असावं. नोंदीत 'फिनाइलने पुसलं' असं आहे, हातमोज्यांचा उल्लेख नाही. डिटर्जंटची पायरीही गाळू नका, कारण मळ शिल्लक असला की क्लोरीन त्याच्यावरच खर्च होतं. नळ, कड्या, फ्लशचं बटण, दिव्यांची बटणं, जिन्याचे कठडे दिवसातून तीनदा पुसा. धातू गंजतो, म्हणून 10 मिनिटांनी साध्या पाण्याचा हात फिरवा. चादरी न झटकता गुंडाळून उचला आणि 60 अंशांच्या किंवा त्याहून गरम पाण्यात धुवा.

वसतिगृह बंद न करण्याचा तुमचा निर्णय योग्य होता. सोमवारी मुलींना घरी पाठवलं असतं तर त्यांतल्या बऱ्याच जणी अधिशयन काळात असू शकल्या असत्या, आणि साथ एका इमारतीतून अनेक घरांत गेली असती, जिथे लहान बाळं आणि म्हातारी माणसं असतात. त्यापेक्षा आजारी मुलींना एका दालनात, त्यांच्यासाठी वेगळं शौचालय आणि सांभाळायला ठरावीक दोघी-तिघी. त्रास थांबल्यावर 48 तासांनी परत. आजारी खोल्यांतल्या बऱ्या मुलींना तीन दिवस दुसऱ्या खोल्यांत मिसळू देऊ नका, बाहेरचे पाहुणे आणि नव्या मुली थांबवा. शेवटच्या रुग्णानंतर सर्वांत लांब अधिशयन काळाच्या दुप्पट, म्हणजे इथे 4 दिवस नवा रुग्ण नसेल तर साथ संपली म्हणायची. हात धुण्याची शिस्त मात्र पुढे दोन आठवडे तशीच.

औषधाचं थोडक्यात: हा विषाणू असल्याने अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मुलांना देऊ नका. ओआरएस द्या. ते नसेल तर 1 लिटर स्वच्छ पाण्यात 6 सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. उलटी झाल्यावर 10 मिनिटं थांबून घोट घोट. 6 ते 8 तास लघवी नाही, गुंगी, शौचात रक्त, जोराचा ताप, किंवा पाणीही पोटात टिकत नाही, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच रुग्णालय.

एक सावधगिरी. हा सगळा आराखडा उलट्या-जुलाबाच्या साथीचा आहे. पुढच्या वेळी गोवर किंवा कांजिण्या आल्या तर तो तसाच उचलू नका. गोवरात माणूस पुरळ येण्याच्या 4 दिवस आधीपासून लागण देतो, त्यामुळे लक्षण दिसल्यावर वेगळं ठेवणं उशिराचंच ठरतं. रुग्ण निघून गेल्यावरही विषाणू खोलीच्या हवेत 2 तासांपर्यंत राहतो आणि त्याचा आर 12 ते 18 धरतात. तिथे फरशी पुसून काही हाती लागत नाही, सुमारे 95 टक्के मुलींचं लसीकरण झालेलं असणं हाच उपाय. कांजिण्यांत लागण देण्याचा काळ पुरळाच्या 1-2 दिवस आधी सुरू होतो आणि अधिशयन काळ 10 ते 21 दिवसांचा, म्हणून दोन आठवडे शांत गेल्यावर आलेला रुग्ण नवी साथ नसून जुन्याचीच पुढची लाट असू शकतो. कोणताही आजार आला की डॉक्टरांना पहिल्याच भेटीत तीन गोष्टी विचारा: कोणत्या मार्गाने पसरतो, अधिशयन काळ किमान आणि कमाल किती, आणि लागण देण्याचा काळ कधी सुरू होऊन कधी संपतो.

रजिस्टरचे रकानेही आत्ताच बदलून घ्या: खोली क्रमांक, त्रास सुरू झाल्याची तारीख आणि तास, उलट्या किती, शौच किती, ताप, रक्त, त्रास थांबल्याची तारीख आणि तास, आधीच्या तीन दिवसांतली जेवणं. पहिल्या दोन-तीन रुग्णांनंतर लगेच त्या जेवणांचा तक्ता करून बऱ्या मुलींकडूनही भरून घ्या, म्हणजे आठवणी ताज्या असतात. जिन्याखालच्या कपाटात हातमोजे, मास्क, एप्रन, कागदी टॉवेल, पिशव्या, मापाचा जग आणि ब्लीचची न उघडलेली बाटली ठेवा. बाटलीवरची तारीख दर सहा महिन्यांनी बघायचं काम एका व्यक्तीच्या नावावर लिहून टाका.